नाव कोरलेलं ताट

हर्षालीला शुलमिथचा राग यायला लागला, तेव्हा तिनं शुलमिथला पाहिलेलंसुद्धा नव्हतं. पुढे वर्षभर पाहिलं नाही. पण राग यायला माणूस समोरच बसलेलं लागतं असं थोडंच आहे?

हर्षालीचे पप्पा, सावळेराम, नारायणगावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मंडळी तशी छोटीच. कुणी शाळेत मास्तर, कुणी टोमॅटोच्या बाजारात हिशेबाला, कुणी दवाखान्यात सिस्टर, दोनचार घरं लोणी गावची, ती रविवारी जीपला लटकून यायची. पप्पांना एकच ध्यास होता : आपल्या मंडळीनं मिशनकार्याच्या पाठीशी उभं राहावं. त्यावर ते प्रवचन करायचे, आवाज चढवायचे, कपाळ पुसायचे. लोक माना हलवायचे. आणि उपासना सुटली की चपला शोधत घरी जायचे.

शेवटी चांगदेवकाकाच एकदा दारात म्हणाले. काका म्हणजे मंडळीचे पंच, पारगावच्या साखर कारखान्यावर ड्रायव्हर होते, नुकतेच रिटायर झालेले. "पाळकसाहेब, परवचन लई झ्याक झालं बरं का. पन त्या मिशनला तोंड हाय का न्हाई? दिसत न्हाई, बोलत न्हाई. कुनाला द्यायचं मानसानं?"

दुसरं कुणी असतं तर त्याला राग आला असता. पप्पा घरी आले, जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "चांगदेव बरोबर बोलला. लोक कामाला देत नाहीत, माणसाला देतात."

मग त्यांनी सातपुड्यात पत्र धाडलं. तिकडे अक्राणीच्या डोंगरात दादाभाऊ नावाचे सुवार्तिक राहायचे. त्यांची बायको नर्स होती. पाड्यापाड्यानं फिरून बाळंतपणं करायची, आणि दादाभाऊ संध्याकाळी मुलांना शिकवायचे, प्रार्थना घ्यायचे. त्यांची आणि तिथल्या बाकीच्या कामकऱ्यांच्या घरातल्या सगळ्या लहानथोरांची नावं पप्पांनी मागवली. चिठ्ठ्या केल्या, दानाच्या थैलीत टाकल्या. एरवी थैलीत घालायची, त्या दिवशी थैलीतून काढायची. प्रत्येक घराला एक नाव. आणि नियम असा की, दर रविवारी जेवताना त्या नावाचं एक ताट जास्तीचं मांडायचं. नाव घेऊन प्रार्थना करायची. त्या ताटात अन्न वाढायचं नाही, मूठभर धान्य ठेवायचं. ते धान्य देवळातल्या पिंपात, आणि पीप भरलं की सातपुड्याला.

चांगदेवकाकांना निघाला भागू, दादाभाऊंचा सगळ्यात धाकटा. काका चिठ्ठी उलटीपालटी करत म्हणाले, "आता हे एवढंसं प्वार काय जेवनार?"

आणि हर्षालीच्या घराला निघाली शुलमिथ, त्याच दादाभाऊंची मोठी मुलगी, हर्षालीएवढीच.

त्या रविवारी आईनं पाट मांडले आणि फळीवर हात घातला. फळीवर घरातली ताटं होती, सगळी पोचे पडलेली, आणि एक होतं झळझळीत. ते हर्षालीचं. जुन्नरला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला ते बक्षीस मिळालं होतं, आणि बाजारातल्या भांडीवाल्याकडून तिनं त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरून घेतलं होतं : कु. हर्षाली, प्रथम क्रमांक. त्याआधी हर्षाली म्हणजे वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी होती. त्या ताटानंतर ती रिक्षा थांबवायची तरी सगळ्या स्टँडला ऐकू जायचं.

आईनं नेमकं तेच ताट काढलं.

"आई! ते माझंय!"

"अगं पाहुणीचं ताट आहे. तिला काय पोचेवालं द्यायचं?"

"पाहुणी आहे कुठे पण? ती येणार नाही, जेवणार नाही, तिला कळणार पण नाही!"

"आपल्याला कळेल ना," पप्पा म्हणाले, आणि ताट स्वतःच्या शेजारी ठेवलं. हर्षालीच्या जागेवर. हर्षाली एक पाट सरकली. वर्षभर ती तिथेच, एक पाट सरकून बसली.

बरं, रविवारपुरतं असतं तर चाललं असतं. पण शुलमिथ घरातच राहायला आली. पप्पा चहा पिताना म्हणायचे, "शुलमिथची सहामाही सुरू झाली असेल नाही?" हर्षालीची सहामाही संपून निकालसुद्धा लागला होता, ते त्यांच्या गावीही नव्हतं. पाऊस झाला की, "शुलमिथकडे नदीला पूर असेल." गारठा पडला की आईनं लोकर आणली, तीही मोरपंखी. हर्षालीचा जीव की प्राण असलेला रंग!

"हात वर कर गं," आई सुई घेऊन म्हणाली.

"मला स्वेटर?"

"शुलमिथला. तुझ्याच वयाची आहे, तुझ्याच मापानं करते."

हर्षालीनं हात वर केले. दुसऱ्या मुलीच्या स्वेटरसाठी हात वर करून उभं राहणं म्हणजे काय असतं, हे ज्याचं त्यालाच कळेल. तिनं मुद्दाम खांदे आवळून धरले. होऊ दे आखूड!

रविवारच्या प्रार्थनेत ती डोळे मिटायची आणि म्हणायची, "प्रभू, शुलमिथला आशीर्वाद दे." आणि मनात म्हणायची, "झाले तेवढे पुरे आहेत."

पण पप्पांची युक्ती लागू पडली होती, हे तिलाही दिसत होतं. जी माणसं प्रवचनात जांभया द्यायची तीच आता देवळाच्या पायरीवर तावातावानं बोलायची. अंबाबाईंना दादाभाऊंची बायको निघाली होती, त्या म्हणायच्या, "माझी नर्सबाई कशी असंल गं, डोंगर चढून चढून पाय दुखत असतील." चांगदेवकाका तर बाजारात भागूसाठी चपला बघताना सापडले. दुकानदारानं माप विचारलं तर काका स्वतःचाच तळहात दाखवायला लागले. आधी महिनोन्महिने रिकामं राहणारं पीप आता झाकण न बसण्याइतकं भरायचं. पप्पा वर्षभरात दहा वर्षांनी तरुण झाले.

आता त्यांच्या मनात पुढचं होतं. दादाभाऊंना ज्यांनी पाठवलं होतं त्यांच्याकडून निरोप आला होता की, आम्हाला यापुढे झेपत नाही. एखाद्या मंडळीनं हे कुटुंब आपलं म्हणून कायमचं पत्करलं तर ठीक, नाहीतर त्यांना परत बोलवावं लागेल. पप्पांनी ठरवलं, हंगामाच्या सणाला, म्हणजे नवं पीक देवापुढे आणायच्या दिवशी, मंडळीसमोर हा विषय ठेवायचा आणि हात वर करून निर्णय घ्यायचा. मूठमूठ धान्य काढणं वेगळं आणि एक अख्खं कुटुंब आपलं म्हणणं वेगळं. त्यासाठी आधी कुणीतरी चार शब्द काळजाला भिडतील असे बोलायला हवे होते.

"हर्षाली बोलेल," पप्पा म्हणाले.

बास! त्या एका वाक्यावर हर्षालीचं वर्ष भरून निघालं. ती आरशासमोर बोलली, गोठ्यात बोलली, शेजारच्या कोंबड्यांपुढे बोलली. "बंधुभगिनींनो" म्हणताना कुठे थांबायचं, "तिथे, त्या डोंगरात" म्हणताना हात कुठवर न्यायचा, सगळं पाठ. निळा पंजाबी ड्रेस इस्त्री करून खिळ्याला टांगला.

आणि सणाच्या आठवड्यात एसटीडी बूथवाल्याचा पोरगा निरोप घेऊन आला. दादाभाऊ सणाला येतायत, सोबत थोरली मुलगी आहे.

पप्पांना आनंद कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. "शुलमिथ येतेय! अगं, मग तीच बोलेल. आपण सांगण्यापेक्षा तिच्या तोंडून ऐकलेलं वेगळं. हो ना हर्षू?"

"हो ना," हर्षू म्हणाली. आत जाऊन तिनं निळा ड्रेस खिळ्यावरून काढला आणि उशीखाली कोंबला.

शनिवारी दुपारी नाशिककडून एसटी आली. आधी दादाभाऊ उतरले, वाळलेले, हसरे, हातात पिशव्या. त्यांच्यामागून एक उंच मुलगी. हर्षालीपेक्षा वीतभर उंच! दोन वेण्या, चापून तेल, आणि भर उन्हात अंगात मोरपंखी स्वेटर. बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन संपलेल्या. खांद्यात इतका घट्ट की तिला धड हात जोडता येईनात.

"सलाम, पाळकसाहेब," ती इतकं हळू म्हणाली की शेजारून गेलेल्या सायकलनं ते उडवून नेलं.

पप्पांनी तिची पिशवी घेतली आणि खांद्यावर टाकली. हर्षालीच्या दप्तराला त्यांनी कधी बोट लावलं होतं? एकदाही नाही. बालवाडीत असतानासुद्धा नाही.

घरी शुलमिथला तिचंच ताट वाढलं गेलं. म्हणजे हर्षालीचं. आज त्यात धान्य नव्हतं, खरीखुरी भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं. ती पप्पांच्या शेजारी बसली, आणि हर्षाली नेहमीसारखी एक पाट सरकून.

दिवेलागणीला हर्षाली मागच्या दारी भांडी विसळत होती. शुलमिथ येऊन पायरीवर बसली. खाली बघत म्हणाली, "ताई, मी उद्या काय बोलू? मला लोकांसमोर बोलता येत नाही. तू तर पहिली आलीयेस ना तालुक्यात."

हर्षालीचा हात थांबला. आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली, आणि ती चांगली नव्हती.

कसलं भाषण पडतं हे तिला पक्कं माहीत होतं. ज्यात काही घडत नाही ते. ज्यात सगळं छान छान असतं ते.

"सोप्पं आहे," ती म्हणाली. "आमच्या मंडळीला रडगाणं अजिबात आवडत नाही. हे नाही, ते नाही, असं म्हटलंस की तोंड फिरवतात. तू म्हण, आमचं छान चाललंय. आमच्याकडे सगळं आहे. आणि बस खाली."

"पण सगळं कुठे..."

"ते बोलायचं नाही. हवं तर दे वचन. तुझ्याच भल्यासाठी सांगतेय."

शुलमिथनं तिच्या ओल्या हातावर हात ठेवला. "दिलं. थॅंक्यू ताई." आणि फडकं घेऊन तिनं विसळलेली भांडी पुसायलाही सुरुवात केली. त्यातलं एक ताट ती जरा जास्तच वेळ पुसत बसली होती, पण हर्षालीनं तिकडे बघायचं टाळलं.

रविवारी देऊळ बघण्यासारखं सजलं होतं. दाराला दोन्ही बाजूंनी ऊस बांधलेले, वेदीसमोर बाजरीची कणसं, टोमॅटोचे क्रेट, भोपळे, लोणीकरांनी आणलेला कांदा. पेटीवर गाणी झाली, शास्त्रपाठ झाला. पप्पांनी दादाभाऊंची ओळख करून दिली आणि म्हणाले, "आणि ही आमची शुलमिथ. हिला वर्षभर आम्ही ताट मांडतोय, आज ही जेवायला आली!" सगळे हसले. आमची! हर्षालीनं बाकाच्या कडेत नख रुतवलं.

शुलमिथ उभी राहिली. स्वेटरच्या बाह्या ओढल्या. "सलाम. आमचं छान चाललंय," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळं आहे. काही कमी नाही." आणि बसली.

बाकांवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

पप्पा थांबून राहिले. त्यांना वाटलं, मुलगी श्वास घेतेय, पुन्हा उठेल. ती उठली नाही. उठले ते चांगदेवकाका, गुडघ्यावर हात रेटून.

"म्हंजी पोरी, तुमच्याकडं समदं हाय?"

"हो काका."

"दवापानी?"

शुलमिथनं हर्षालीकडे पाहिलं. "आहे."

"शाळा?"

"...आहे."

काका मंडळीकडे वळले. "आता बगा राव. मी इथं वरीसभर त्या भागूच्या नावानं ताट मांडतोय, आन् तितं काईच कमी न्हाई. लोनीला आपल्याच मानसांच्या घरांवर पत्रा न्हाई. पाळकसाहेब, राग मानू नका, पन आदी घरचं बगू की. परक्याला कायमचं गळ्यात बांदून घ्यायची काय गरज?"

लोणीच्या बाकावर माना हलल्या. मग मधल्या बाकावर. अंबाबाई पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायला लागल्या. दादाभाऊ खाली मान घालून बसले होते. ते काय बोलणार? नाही हो, आमच्याकडे काही नाही, असं स्वतःच उठून कसं म्हणायचं माणसानं? भिक्षा मागितल्यासारखंच ते.

आणि पप्पा. पप्पांचा चेहरा असा झाला जसा गाण्याचं पुढचं कडवं आठवत नसताना होतो. ते बाकांवरून नजर फिरवत होते, कुणीतरी ओळखीचं शोधत असल्यासारखे, आणि फिरून फिरून ती नजर हर्षालीवर येऊन थांबली.

वर्षभर तिला हेच हवं होतं ना? त्यांनी तिच्याकडे बघावं, फक्त तिच्याकडे. बघत होते. आता गप्प बसलं की झालं. उद्या ही मुलगी एसटीत बसेल, परवा यांना डोंगरातून परत बोलावतील, ताट फळीवर जाईल आणि हर्षाली आपल्या पाटावर.

ती उभी राहिली. कशी राहिली ते तिलाही कळलं नाही.

"काका, ती खोटं बोलतेय. आणि ते तिला मी शिकवलंय."

आईच्या हातातून गाण्याचं पुस्तक पडलं.

"मला बोलायचं होतं आज," हर्षाली म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कोंबड्यांपुढचा नव्हता. "तिला दिलंत ना, म्हणून मी तिला सांगितलं, सगळं आहे म्हण. तिनं वचन दिलं होतं, म्हणून ती पाळतेय. शुलमिथ, घे ते वचन परत. दवाखाना कुठाय तुमच्याकडे?"

शुलमिथ बसल्या जागी आक्रसली. "आईची पेटी आहे," ती हळूच म्हणाली.

"मोठ्यांदा!"

"आईची पेटी आहे! पत्र्याची. आई ती डोक्यावर घेऊन फिरते. गोळ्या संपल्या की नुसती उशाशी बसून राहते, पेशंटला बरं वाटेपर्यंत."

"शाळा?"

"सातवीपर्यंत होती. पुढची नदीपलीकडे. पावसाळ्यात नदी उतरेपर्यंत घरीच."

"आणि ताट? रविवारी तुम्ही काय करता?"

हे हर्षालीनं उगाच विचारलं होतं, प्रश्न संपले म्हणून. पण शुलमिथ उभी राहिली.

"आम्ही पण मांडतो," ती म्हणाली. "पाळकसाहेब पत्रात सगळ्यांचं लिहितात ना. आमच्याकडे जास्तीचं ताट नाही, म्हणून मधोमध झाकणी ठेवतो, आणि एकेका घराचं नाव घेतो. चांगदेवकाकांचं नाव भागू घेतो. दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाही. 'प्रभू, चांगदेवकाकांचा गुडघा बरा कर' म्हणतो. त्याला गुडघाच म्हणता येत नाही, गुगडा म्हणतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. काका अजून उभेच होते. त्यांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं, जणू तो त्यांना न सांगता कुठेतरी फिरून आला होता.

"त्या पोराला माजा गुडगा ठावं हाय?"

"दर रविवारी विचारतो, बरा झाला का म्हणून."

काका बसले. रुमाल काढला, नाक शिंकरलं. मंडळी वाट बघत होती. मग बसल्या बसल्याच त्यांनी हात वर केला, आणि मागे न बघता ओरडले, "बगताय काय? करा की हात वर! भागू काय परका हाय व्हय?"

अंबाबाईंचा हात वर गेला, मास्तरांचा गेला, सिस्टरांचा गेला. लोणीच्या बाकावर जरा कुजबुज झाली. "पत्र्याचं पन बगा म्हनावं," एक जण म्हणाला. "बगू की, दोन्ही बगू!" काका म्हणाले, आणि तेही हात वर आले.

शुलमिथ खाली बसता बसता हर्षालीकडे वळली. "एक सांगू? आई मला रोज म्हणते, हर्षालीसारखं बोलायला शीक. हर्षाली बघ कशी पहिली आली. मला तुझं नाव ऐकून ऐकून जेवण जायचं नाही." ती हे हळूच म्हणाली, पण देवळात तेव्हा नेमकी शांतता होती. सगळी मंडळी खो खो हसली.

प्रीतिभोजन झाल्यावर पप्पा पिंपाशेजारी हर्षालीजवळ आले. ती खाली मान घालून बाजरी चाळवत होती.

"कबूल केलंस म्हणून शाबासकी देणार नाही," ते म्हणाले.

"नकोच आहे."

"ते कुटुंब रस्त्यावर आलं असतं हर्षू."

"माहितेय."

ते जायला निघाले, दोन पावलं गेले आणि वळले. "पण आवाज मागच्या बाकापर्यंत गेला हं."

सोमवारी सकाळी सगळे स्टँडवर. चांगदेवकाका चपलांचे दोन जोड घेऊन हजर होते, एक आता बसंल आन् एक वाडल्यावर म्हणून. नाशिकची गाडी फलाटाला लागली तेव्हा हर्षालीनं फडक्यात गुंडाळलेलं ताट शुलमिथच्या पिशवीत कोंबलं.

शुलमिथनं चाचपलं आणि तिच्या लगेच लक्षात आलं. "अगं वेडी, हे तुझं बक्षीस आहे."

"म्हणून तर देतेय. झाकणी ठेवता ना मधोमध? आता हे ठेवा. आणि इतर वारी तू यात जेवायचं. कालवण पुसलं गेलं की खाली नाव दिसेल. माझं. रोज."

"मला रोज राग येईल."

"येऊ दे की! मला वर्षभर आला."

शुलमिथ हसली. आखूड बाही सांभाळत ती खिडकीशी जाऊन बसली, गाडी हलली, धुरळा उठला. पप्पा हात हलवत राहिले. गाडी पुलाकडे वळली, दिसेनाशी झाली, तरी हलवतच होते.

"पप्पा," हर्षाली म्हणाली, "दुखेल हात. पुरे आता."